कीबोर्ड एक, विचारणारे चार

फ्रेंच कीबोर्डावर ‘ए’ आणि ‘क्यू’ यांची अदलाबदल झालेली असते आणि अंक उमटवायला शिफ्ट दाबावी लागते. समजा, लिनक्स बसवताना तुम्ही फ्रेंच मांडणी निवडली आणि डिस्कला कुलूप घातलं. संगणक पुन्हा सुरू करताना पासवर्ड विचारणारा प्रोग्राम मात्र अमेरिकी मांडणी धरून बसला, तर पासवर्ड अचूक टाइप करूनही चुकीचा ठरतो. काय उमटतंय ते पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे माणूस आपल्याच स्मरणशक्तीला दोष देतो.

दोष असतो व्यवस्थेचा. कळ दाबली की कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, नुसता क्रमांक पाठवतो. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, अमेरिकी ‘ए’च्या कळीचा क्रमांक 30 असतो. खिडक्या दाखवणाऱ्या एक्स प्रणालीत कळांची मोजणी 8 पासून सुरू होते, म्हणून तीच कळ तिथे 38 होते. क्रमांकाचं अक्षर करायला तक्ता लागतो, आणि कन्सोलचा, म्हणजे काळ्या मजकूर पडद्याचा, तक्ता वेगळा, एक्सचा वेगळा. डिस्क उघडण्यापूर्वी चालणाऱ्या इनिट्रॅमएफएसला आपली प्रत हवी, आणि डेस्कटॉपचं सेटिंग आणखी निराळं. एकाच कीबोर्डाबद्दल चार ठिकाणी चार उत्तरं साठत गेली.

डेबियन या लिनक्स वितरणाने यावर जो उपाय केला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. 2011 साली आलेल्या डेबियन 6 म्हणजे ‘स्क्वीझ’पासून कन्सोल आणि एक्स या दोघांसाठी एकच फाइल ठरली: ‘इटीसी’ फोल्डरामधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातली ‘कीबोर्ड’. तिच्यात मुख्य ओळी चारच: मॉडेल, मांडणी, उपप्रकार आणि पर्याय. कॅप्स लॉकची कळ कंट्रोलसारखी वापरायची असेल तर तो पर्यायही इथेच. मोठा निर्णय मात्र वेगळाच होता. कन्सोलच्या जुन्या, सुट्या तक्त्यांचा ढीग प्रमाण न मानता एक्सची एक्सकेबी ही मांडण्या लिहिण्याची पद्धत मूळ धरली गेली, कारण तिच्यात भाषा, उपप्रकार, दोन मांडण्यांमधली अदलाबदल असं सगळं पद्धतशीर लिहिता येतं. कर्नलला ती पद्धत समजत नाही, म्हणून ‘सीकेबीकॉम्प’ नावाचा प्रोग्राम तिच्यावरून कन्सोलचा तक्ता तयार करून देतो. मूळ एक, बाकीचं त्यातून निघालेलं.

मराठी वापरणाऱ्याला याचा थेट फायदा होतो. भारतीय मांडणी निवडली की डेबियन एकट्या देवनागरीवर सोडत नाही. अमेरिकी मांडणी पहिली ठेवून भारतीय दुसरी लावतं आणि अदलाबदलीची कळ विचारतं. वापरकर्त्याचं नाव आणि कमांड रोमन लिपीत असल्यामुळे हे नसतं तर लॉगिनच अडलं असतं. कन्सोलवर देवनागरी नीट दिसेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. तिथल्या फॉन्टात जास्तीत जास्त 512 आकृत्या मावतात, आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे नेणं किंवा जोडाक्षर जुळवणं त्या पडद्याला येतच नाही. मराठी लिहायला डेस्कटॉपच हवा.

आणि नेमकं तिथेच हे काम अर्धवट राहिलं आहे. गनोम या डेस्कटॉपमध्ये वापरकर्त्याने मांडणी निवडली की ती त्याच्या खात्यापुरती साठते आणि लॉगिननंतर तिचंच राज्य. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर चालणारे स्वेसारखे प्रोग्राम तर मांडणी आपल्याच फाइलीतून घेतात. स्वतःची आवड वेगळी ठेवण्याची मुभा हवीच, पण काहीच निवडलेलं नसेल तेव्हा प्रत्येकाने मूळ फाइलकडे पाहावं, एवढी शिस्त सक्तीची असायला हवी.

तोवर डेबियनवर मांडणी बदलायची तर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ला ‘कीबोर्ड-कॉन्फिगरेशन’ हे पॅकेज सांगावं. फाइल हातानेच बदलली असेल आणि डिस्क कुलूपबंद असेल, तर संगणक बंद करण्याआधी ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ चालवावं. नाहीतर पुढच्या वेळी पासवर्ड जुन्याच मांडणीत टाइप करावा लागेल.