वर्गाबाहेर उभं केल्याने काय साधतं?

“बाई, खुशाल दोन फटके द्या, आमची काही तक्रार नाही.” पालकसभेत हे वाक्य अजूनही ऐकू येतं. पालकांनी अशी मुभा दिली, तरी शिक्षकांना ती घेता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. शिवाय माराने दंगा थांबतो तो तेवढ्यापुरताच. त्याऐवजी कसं वागायचं, हे मुलाला कोणी शिकवलेलंच नसतं.

वर्गाबाहेर उभं केलं की अद्दल घडते, हा तर फार खोलवर रुजलेला गैरसमज. मोठ्याने वाचायची पाळी जवळ आली, की एखादा मुलगा शेजाऱ्याची वही ओढतो. बाई त्याला बाहेर काढतात आणि वाचन टळतं. ज्याला वाचताना अडखळायला होतं, त्याला ही शिक्षा नव्हे, सुटका वाटते. उद्या तो पुन्हा वही ओढणार. म्हणून आठवडाभर घरी आणि शाळेत तीनच गोष्टी लिहून ठेवा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. पुष्कळदा उत्तर तिसऱ्या रकान्यात सापडतं.

“हट्टाकडे दुर्लक्ष करून पाहिलं, उलट जास्तच रडतो.” हे खरं आहे, पण म्हणून उपाय फसला असं नाही. रडून मिळणारी वस्तू मिळेनाशी झाली, की हट्ट आधी वाढतो आणि मग ओसरतो. तो वाढलेला असताना आपण नमलो, तर अजून जोरात रडायचं असतं, हेच मूल शिकतं. शहाण्यासारखं वागलेल्या क्षणी मात्र लगेच आणि नेमकं कौतुक करा.

गोड खाल्ल्याने मुलं चेकाळतात, यालाही संशोधनात आधार सापडलेला नाही.

आणि प्रत्येक हूड मुलाला ‘एडीएचडी’ (अवधान कमी आणि चंचलता जास्त असण्याचा विकार) नसतो. त्या निदानासाठी लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, निदान सहा महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. फळा दिसत नसेल, तर मूल वर्गात स्वस्थ कसं बसेल?

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत तपासणीसाठी येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.