वाटाण्यातला फरक कुठे आणि केव्हा बघायचा

वाण्याच्या दुकानात वाटाण्याचे दोन डबे हमखास असतात, पांढरा आणि हिरवा. कोकणातली गिऱ्हाइकं येत असतील तर तिसरा, काळ्या वाटाण्याचा. भाजीबाजारातल्या ओल्या शेंगा त्याहून वेगळ्या. पण रगड्याचा वाटाणा, पुलावातला वाटाणा आणि मालवणी उसळीतला काळा वाटाणा ही एकाच जातीची पिकं आहेत. शास्त्रीय नाव पायसम सटायव्हम. त्यांचा एकमेकांशी संकर होतो आणि त्या संकराला पुन्हा बी धरतं. एका जातीच्या पोटातल्या अशा वारशाने उतरणाऱ्या फरकांना जनुकीय विविधता म्हणतात. जनुक म्हणजे मायबापाकडून बियात आलेली एकेक सूचना, आणि त्या सूचनेमुळे झाडात जे दिसतं तो गुणधर्म.

ही विविधता बघायला प्रयोगशाळा लागत नाही. कुठला गुण झाडाच्या कुठल्या भागात आणि कुठल्या वयात दिसतो, एवढं माहीत हवं. घोटाळे होतात ते बहुतेक इथेच.

आधी बी जमवू. दुकानातून पांढरा, हिरवा आणि काळा असे तीन अख्खे वाटाणे घ्या, डाळ नको. शिवाय कृषी सेवा केंद्रातून 'अर्केल' वाणाचं छोटं पाकीट आणा, कारण त्याचं बी सुरकुतलेलं असतं आणि तो फरक आपल्याला पुढे लागणार आहे. पाकिटातल्या बियाला बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते खायचं नाही, हाताळल्यावर हात धुवायचे.

आता बी नीट बघा. पहिली चूक आकार बघताना होते. ओल्या शेंगेतले दाणे सगळेच गोल आणि टपोरे दिसतात. गोल की सुरकुतलेला हे बी पूर्ण वाळल्यावरच ठरतं. सुरकुतलेल्या वाणात साखरेचं स्टार्चमध्ये रूपांतर नीट होत नाही. साखर उरते, ती पाणी ओढून घेते, दाणा फुगतो, आणि वाळताना पाणी गेलं की साल सैल पडून द्राक्षाचा बेदाणा व्हावा तशी आक्रसते. ओला अर्केल गोड लागतो तोही याच कारणाने.

दुसरी चूक रंगाची. दाण्याची साल आईच्या झाडाची असते, तर सालीखालची दोन दळं पुढच्या पिढीची. त्यामुळे एकाच शेंगेत पिवळ्या आणि हिरव्या दळांचे दाणे शेजारी शेजारी सापडू शकतात, पण त्या शेंगेतल्या साली सगळ्या एकाच वळणाच्या असतात. काळा वाटाणा भिजवून सोलून बघा, काळेपणा सालीबरोबर निघून जातो. आणखी एक सांगून ठेवतो. हिरवं बी उन्हात राहिलं की फिकट पिवळट पडतं. शंका आली तर दाणा कापून आतला भाग बघावा. नुसत्या वरच्या रंगावर पैज लावू नये.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा. वाटाण्याला थंडी मानवते. उन्हाळ्याच्या तोंडावर पेरलं तर फुलं गळतात. बी रात्रभर भिजवून साधारण इंचभर खोल पेरा, आणि प्रत्येक कुंडीवर न पुसणाऱ्या शाईने नाव लिहा. हा सल्ला बाळबोध वाटेल, पण महिन्याभराने सगळी रोपं सारखीच हिरवी दिसतात.

रोपं वीतभर झाली की पानाच्या बेचक्यात बघा. काळ्या वाटाण्याच्या रोपाला तिथे जांभळट वलय दिसेल, पांढऱ्याला दिसणार नाही. ज्याच्या बेचक्यात रंग, त्याचं फूल जांभळं-गुलाबी आणि बियाची साल रंगीत. तिन्ही ठिकाणी एकाच जनुकाचा हात आहे. ब्रनो शहरातल्या मठात १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग करणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने ही सांगड टिपून ठेवली होती. फुलाची वाट न पाहता, अगदी कोवळ्या वयात रोप ओळखायची ही सोय आजही उपयोगी पडते.

मग उंची. इथे फार जण फसतात. सावलीतलं बुटकं रोप उन्हातल्या उंच रोपाची बरोबरी करू शकतं. म्हणून सगळ्या कुंड्यांना सारखं ऊन द्यावं आणि एकूण उंचीपेक्षा दोन पेरांमधलं अंतर मोजावं. बुटक्या वाणांत जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक पुरेसं तयार होत नाही. पेरं होतात, पण जवळ जवळ.

पानांतही गंमत असते. काही वाणांत पर्णिकांच्या जागी नुसते तणावे येतात, म्हणजे आधाराला वेटाळणारे ते बारीक दोर. झाडं एकमेकांना धरून उभी राहतात, पीक लोळत नाही, कापणी यंत्राने करता येते. कोरड्या वाटाण्याच्या आधुनिक शेतीत हे वाण म्हणूनच लोकप्रिय झाले. बाल्कनीत असं झाड केविलवाणं दिसतं, हा भाग वेगळा.

फुलोऱ्याचे दिवस मोजण्यापेक्षा पहिलं फूल कितव्या पेरावर आलं ते मोजा. दिवस हवामानाप्रमाणे पुष्कळ मागेपुढे होतात, पेराचा आकडा त्यामानाने स्थिर राहतो. अर्केलसारख्या लवकर येणाऱ्या वाणात फूल खालच्या पेरावर लागतं, 'बोनव्हिले'सारख्या उशिराच्या वाणात बरंच वर. मोजताना जमिनीलगतची खवल्यांसारखी दोन पेरं विसरू नका. ती धरायची की सोडायची हे आधीच ठरवून सगळ्या झाडांना तोच नियम लावा.

शेंग हाताने मोडून बघा. नेहमीच्या शेंगेच्या आत कागदासारखा चिवट पापुद्रा असतो. सालासकट खायच्या वाणांत तो नसतो. जाड, रसाळ सालीचा 'शुगर स्नॅप' अमेरिकेत कॅल्व्हिन लँबोर्नने तयार केला आणि तो १९७९ मध्ये बाजारात आला.

इथवर नुसतं बघणं झालं. आता संकर करून बघू. वाटाण्याचं फूल उमलण्याआधीच आतल्या आत स्वतःच्या परागांनी फळतं. म्हणून पांढरा वाटाणा शेजारी लावला तरी अर्केल सहसा शुद्ध राहतो, आणि म्हणूनच संकर आपल्याला हाताने करावा लागतो. उमललेलं फूल घेतलं तर उशीर झालेला असतो. नवखा माणूस इथेच हरतो.

अर्केलची अशी कळी निवडा जिच्या पाकळ्या अजून घट्ट मिटलेल्या आहेत. होडीच्या आकाराची आतली पाकळी सुईने फाडून चिमट्याने दहाही पुंकेसर काढा. ते अजून हिरवट असावेत. पिवळी भुकटी सुटलेली दिसली तर ती कळी सोडून द्या. मग पांढऱ्या वाटाण्याच्या नुकत्या उमललेल्या फुलातले पराग स्त्रीकेसराच्या टोकाला लावा आणि दांड्याला दोरा बांधा.

सुरकुतलेल्या वाणाला आई करण्यात एक सोय आहे. शेंग वाळल्यावर दाणे गोल निघाले तर संकर साधला, सुरकुतलेले निघाले तर झाड स्वतःच्याच परागांनी फळलं. आकार हा दळांचा गुण, म्हणून निकाल त्याच शेंगेत मिळतो. उंचीचा किंवा फुलाच्या रंगाचा निकाल हवा तर ते बी पेरून पुढच्या हंगामाची वाट बघावी लागते.

गोल निघालेलं ते संकरित बी पुढच्या वर्षी पेरा आणि स्वतःहून फळू द्या. त्या झाडांच्या शेंगांत गोल आणि सुरकुतलेले दाणे एकत्र दिसतील, साधारण तीनास एक. गोलपणा प्रभावी, म्हणजे एकाकडून जरी मिळाला तरी दिसतो; सुरकुती दोन्हीकडून मिळाली तरच दिसते. मेंडेलने २५३ झाडांवरचे ७,३२४ दाणे मोजले, ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. पण त्याच्याच एका झाडावर ४३ गोल आणि अवघे २ सुरकुतलेले निघाले, दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. तेव्हा दोन-चार शेंगा सोलून तीनास एक येत नाही म्हणून हिरमुसू नका. दाणे शेकड्यांनी मोजायचे असतात. आणि मोजणीआधी मेंडेलने दोन वर्षं नुसती बियाणी पारखण्यात घालवली होती. ३४ वाण आणवले, त्यांतले २२ कामासाठी ठेवले. पुस्तकांत हे पारखणं एका ओळीत उरकतात; मला त्या कामाचा कणा तोच वाटतो.

सुरकुतीचं मूळ १९९० मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इन्स संस्थेत सापडलं. स्टार्चच्या रेणूला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या जनुकात डीएनएच्या सुमारे ८०० अक्षरांचा उपरा तुकडा घुसलेला आहे. हा जागा बदलणाऱ्या, म्हणजे उड्या मारणाऱ्या डीएनएचा प्रकार. उंचीचं जनुक १९९७ मध्ये, दळांच्या हिरवेपणाचं २००७ मध्ये आणि फुलाच्या रंगाचं २०१० मध्ये हाती लागलं. मेंडेलने अभ्यासलेल्या सात गुणांपैकी उरलेल्या तिघांची उकल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. एवढा वेळ लागण्याचं एक कारण म्हणजे वाटाण्याच्या डीएनएचा पसारा. त्यात सुमारे ४४५ कोटी अक्षरं आहेत, माणसापेक्षा जास्त, आणि त्यांतला बहुतांश भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या मजकुराचा.

शेतकऱ्याला मात्र सुरकुतीपेक्षा उत्पन्न महत्त्वाचं, आणि ते एका जनुकाने ठरत नाही. अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. वर पाणी, जमीन, थंडी. बांधाकडेच्या झाडाला ऊन आणि जागा जास्त मिळते, म्हणून ते भरघोस दिसतं. बी धरायला नेमकं तेच निवडलं जातं, आणि पुढच्या वर्षी पीक पूर्वीइतकंच येतं. तुलना आतल्या ओळींतल्या झाडांची करावी, आणि प्रत्येक वाण दोन-तीन ठिकाणी लावून.

भुरी रोगाचं तसं नाही. पानांवर पांढरी भुकटी पसरवणाऱ्या या बुरशीला रोखणारं एक अप्रभावी जनुक आहे. बुरशीला आत शिरायला सोयीचं ठरणारं एक प्रथिन त्याच्यामुळे निकामी होतं. अप्रभावी म्हणून संकराच्या पहिल्या पिढीत सगळी झाडं भुरीला बळी पडतात. ती पाहून संकर फसला असं समजून बी फेकून देऊ नये. निरोगी झाडं त्याच्या पुढच्या पिढीत, चारात एक या हिशोबाने दिसतात.

लागवडीतल्या वाणांत हवा तो गुण नसेल तर रानटी भाऊबंदांकडे जावं लागतं. भूमध्यसागराच्या पूर्वेकडच्या देशांत पायसम फल्व्हम नावाचा रानवाटाणा वाढतो. त्याच्या काही झाडांत वाटाण्याच्या भुंगेऱ्याला तोंड देण्याची ताकद आहे. पण त्याच्या शेंगा वाळल्या की तडकून बी उडवतात आणि संकरात असे नको असलेले गुणही मागोमाग येतात. ते निवडून बाजूला काढायला पिढ्यानपिढ्या जातात. अशी बियाणी लगेच कामाला येवोत न येवोत, ती जपणाऱ्या बीजपेढ्या आहेत. आपल्याकडे दिल्लीत पुसा परिसरात राष्ट्रीय पेढी आहे, तिथे बी शून्याखाली सुमारे वीस अंशांवर ठेवतात.

घरी तेवढी थंडी लागत नाही. शेंगा झाडावरच वाळू द्या, दाणा नखाने दबत नाही इतका कोरडा झाला की सोला, भोक पडलेले दाणे वेगळे काढा आणि बाकीचे घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. बरणीवर वाणाचं नाव, वर्ष आणि संकर असेल तर आई कोण, बाप कोण हेही लिहा.