शहर आणि कायदा – बेवारस गाड्या : उचलल्यानंतरचे काम

मागच्या लेखांकात पदपथांवरच्या अतिक्रमणांचे कायदे पाहिले. त्याच कायद्यांच्या कक्षेत येणारा, पण त्याहून चिवट प्रश्न रस्त्याकडेला वर्षानुवर्षे सडणाऱ्या वाहनांचा आहे. टायर बसलेले, बॅटरी आणि आरसे कधीच गायब, काचेवर महापालिकेची अर्धवट फाटलेली नोटीस, आणि पावसाळ्यात टायरच्या पोकळीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या. अशा गाड्या हटत नाहीत म्हटले की यंत्रणेला अधिकारच नाहीत, असे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१४ खाली रस्त्यावर बेकायदा ठेवलेली वस्तू आयुक्त नोटीस न देताही हटवू शकतात. राज्यातल्या इतर महापालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमात कलम २३१ आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२७ तर सार्वजनिक जागी दहा तास बेवारस राहिलेली गाडी उचलण्याची मुभा पोलिसांना देते आणि टोइंगचा खर्च मालकाच्या माथी टाकते. घोडे अडते ते गाडी उचलल्यानंतर.

गाडी यार्डात गेली तरी कागदावर ती कुणाची तरी असते, आणि तो कुणीतरी शोधायला आरटीओची नोंद हाच एक धागा. हा धागा बहुतेकदा आधीच तुटलेला असतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे गाडी विकणाऱ्याने साधारणपणे १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. व्यवहारात सह्या केलेले कोरे फॉर्म आणि किल्ली हातात पडली की सौदा पुरा होतो. गाडी पुढे दोन-तीन हात फिरते आणि नोटीस जाते पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर. कायमची निकामी झालेली गाडी कळवण्याचे बंधन कलम ५५ घालते, तेही क्वचितच पाळले जाते. म्हणून माझे म्हणणे असे, की पालिकेच्या मोहिमेत टोइंग व्हॅनइतकेच आरटीओच्या दप्तराला स्थान हवे. नोंदणी रद्द होऊन अधिकृत स्क्रॅपिंग केंद्राकडे गाडी गेली नाही, तर सांगाडा फक्त रस्त्यावरून यार्डात सरकतो.

यावर आक्षेप येतो तो हातावर पोट असणाऱ्यांच्या बाजूने. आजारपणामुळे महिनाभर उभी राहिलेली रिक्षाही बेवारस ठरवायची का? आक्षेप रास्त आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. म्हणूनच अधिकार विनानोटिशीचा असला तरी मुदतीची नोटीस द्यावी, आणि ती नुसती काचेवर न चिकटवता नोंदीतल्या मोबाइलवरही पाठवावी. दुसरा आक्षेप पोलीस ठाण्यांच्या आवारातल्या ढिगांकडे बोट दाखवतो : त्या गाड्या पुरावा आहेत, त्यांना हात कसा लावायचा? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात दिले. पंचनामा आणि छायाचित्रे ठेवून गाडी सोडावी, ठाण्यात सडवू नये. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९७ तर त्यासाठी मुदतच घालून देते.

नोंद न बदलण्याचा फटका जुन्या मालकालाही बसतो : नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत नाव असलेल्यालाच मालक धरले. वाचकांनी जुनी गाडी विकली असेल, तर आरसी बुकवरचे नाव बदलले की नाही, एवढे या आठवड्यात जरूर तपासावे.