घरासमोर मेट्रोचा खड्डा

तुमच्या घरासमोर मेट्रोचे पत्रे लागलेत? मग काही वर्षं दमानं घ्यावं लागेल. बोगद्याचं यंत्र खालच्या खाली निघून जातं. भुयारी स्थानकासाठी मात्र बहुतेक ठिकाणी वरून रस्ताच खोदावा लागतो.

तरी रस्ता सहसा पूर्ण बंद करत नाहीत. अर्ध्यावर वाहतूक, अर्ध्यात काम. मग बाजू बदलायची. कधी खड्ड्यावर पोलादी झाकण टाकून वरून गाड्या सोडतात. मुंबईत गिरगाव-काळबादेवीच्या अरुंद रस्त्यांवर तेवढीही जागा नव्हती. तिथे स्थानकांचा काही भाग जमिनीखालूनच खोदला, तरी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्याच. रात्रीच्या आवाजाचं भांडण तर उच्च न्यायालयात गेलं. २०१७ मध्ये दक्षिण मुंबईत रात्री १० ते सकाळी ६ काम थांबलं. वर्षभराने बंदी उठली.

तुम्ही काय कराल? खोदाईआधीच घरातल्या जुन्या तड्यांचे तारखेसह फोटो काढा. पुढे वाद झाला तर तोच पुरावा. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी कुठून येणार, हे सोसायटीने लेखी मागावं. आणि पत्र्यांआड गेलेल्या वाण्याकडूनच सामान आणा. त्याचं गिऱ्हाईक आधी तुटतं.