फऱ्याबाग : आधी पाणी, मग महाल

नगरला आलेला पाहुणा भुईकोट किल्ला बघतो, चांदबिबीच्या महालावर चढतो आणि शनिशिंगणापूरच्या वाटेला लागतो. सोलापूर रस्त्यावर रणगाड्यांचं संग्रहालय पाहायला तो थांबतो, पण तिथून जवळच असलेली फराहबाग त्याच्या यादीत नसते. नगरकर तिला फऱ्याबाग म्हणतात. निजामशहांचा हा खासगी जलमहाल. तळ्याच्या मधोमध अष्टकोनी दुमजली इमारत, चारी बाजूंना उंच कमानी आणि आत घुमटाखालचं प्रशस्त दालन.

मलिक अहमदनं 1490 मध्ये निजामशाही उभी केली आणि 1494 मध्ये शहर वसवलं. फराहबागेचं काम पुढं बऱ्याच हातांतून गेलं. ते पुरं झालं 1583 मध्ये, मुर्तझा निजामशहाच्या काळात, त्याचा कारभारी दुसरा सलाबतखान याच्या देखरेखीखाली. ज्याला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो ती खरी याच सलाबतखानाची कबर. मुर्तझा दरबारापासून दूर इथं येऊन एका दिल्लीकर गवयाबरोबर बुद्धिबळ मांडून बसायचा, असं सांगतात.

आज तळं कोरडं आहे. महालाजवळ गेलं की गिलाव्याचे पोपडे निघालेल्या जागी भिंतीचं अंतरंग दिसतं. आत ओबडधोबड दगड आणि चुना, वर चुन्याचाच गुळगुळीत लेप आणि त्यात कोरलेली नक्षी. दालनात उभं राहून वर पाहिलं, की एवढी पडझड होऊनही घुमट कसा टिकला याचं नवल वाटतं.

इथं आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘सरकारनं हे नीट बांधून काढायला पाहिजे.’ पण नीट म्हणजे कसं?

वॉर्साचा राजवाडा 1944 मध्ये जर्मनांनी सुरुंग लावून उडवला. पोलंडनं 1971 मध्ये तो पुन्हा बांधायला घेतला आणि 1984 मध्ये लोकांसाठी खुला केला. हे जमलं, कारण हाताशी पुरावा होता. मोजमापांचे नकाशे होते, छायाचित्रं होती, ढिगाऱ्यातून वाचवलेले कोरीव तुकडे होते.

योगायोग असा, की त्याच 1984 मध्ये इंदूरचा होळकरांचा राजवाडा दंगलीत जळाला. नगर जिल्ह्यातल्याच चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या सासरचं हे घराणं. दर्शनी सात मजली देवडी उभी राहिली, मागचा भाग गेला. उषादेवी होळकरांनी पुढाकार घेतला आणि 2007 पर्यंत तो भाग दगड, वीट, चुना आणि लाकूड वापरून पुन्हा बांधला गेला. लोकांच्या स्मरणातला आणि फोटोंतला वाडा समोर ठेवून काम करता आलं.

फऱ्याबागेच्या वैभवकाळाचा फोटो असणं शक्यच नाही. ढासळलेल्या भागावर कोणती नक्षी होती हे अंदाजानं ठरवावं लागेल. वास्तुजतनाचा 1964 चा व्हेनिस जाहीरनामा सांगतो, की अंदाज सुरू होतो तिथं पुनर्बांधणी थांबली पाहिजे. त्यात सिमेंट आलं तर दुखणं वाढतं. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग क्षार वर येतात आणि शेजारचा जुना दगड-चुनाच सुटायला लागतो. म्हणून जाणकार गवंडी चुना मळतात, त्यात विटेची सुरखी, गूळ, बेलफळाचं पाणी घालतात आणि घाई करत नाहीत.

एका गोष्टीबाबत मात्र अंदाज बांधावा लागत नाही, ती म्हणजे पाणी. तळ्याचा घेर डोळ्यांसमोर आहे. जुन्या नगरला डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांनी येत असे. या महालाची सारी रचना पाण्यावर बेतलेली. तळ्यावरून आलेला वारा कमानींतून आत शिरावा आणि उन्हाळ्यातही दालन थंड राहावं. पाणी आटलं तेव्हा निम्मा महाल गेला, भिंती नंतर पडल्या.

तळं भरायचं तर आधी पाया तपासावा लागेल. इतकी वर्षं कोरड्यात उभी राहिलेली भिंत एकदम ओलीत धरता येत नाही. शिवाय अवर्षणप्रवण तालुक्यांच्या या जिल्ह्यात टँकरनं पाणी आणून शोभेचं तळं भरणं शहाणपणाचं नाही. पण खापरी नळांचा माग काढणं, पावसाचं पाणी तळ्याकडं वळवणं आणि गळती चुन्यानं बुजवणं हे करता येण्याजोगं आहे. पावसाळ्यानंतर चार महिने जरी तळ्यात पाणी राहिलं, तरी हा महाल इथं का बांधला हे पाहणाऱ्याला फलक न वाचता कळेल.