बाळाच्या लंगोटावर लोकरीचे आवरण

आषाढातील झडीत माळावर मेंढरे राखणारा धनगर डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन तासन्‌तास उभा राहतो. पावसाचे काही थेंब घोंगडीवरून ओघळून जातात, काही तिच्यात मुरतात. आतील माणसाचे अंग मात्र बराच वेळ कोरडे व उबदार राहते. घोंगडी भिजली तरी ती प्लॅस्टिकच्या कागदाप्रमाणे आत घाम कोंडून ठेवीत नाही. लोकरीच्या याच गुणाचा उपयोग तान्ह्या मुलाच्या सुती लंगोटावर घालावयाच्या चड्डीसाठी करता येतो. वापरून फेकून द्यावयाच्या डायपरचा कचरा आता खेड्यांच्या वेशीवरही साठू लागला आहे. अशा वेळी या साध्या साधनाची माहिती अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना उपयुक्त ठरावी.

कोरडेपणाचा प्रश्न

धुऊन मऊ झालेल्या धोतराचे किंवा लुगड्याचे लंगोट आणि दुपटी वापरण्याची महाराष्ट्रातील पद्धत आरोग्याच्या दृष्टीने उत्तमच होय. जुने सुती कापड त्वचेला बोचत नाही, ओलावा चटकन शोषते आणि उकळून निर्जंतुक करता येते. त्याची उणीव एवढीच की शोषलेला ओलावा ते आपल्याजवळ राखीत नाही. बाळाने एकदा लघवी केली की लंगोटाबरोबर दुपटे, गोधडी आणि आईची साडीही भिजते. पावसाळ्यात घरभर दोऱ्या बांधूनही हे कपडे वाळत नाहीत, आणि रात्रीतून चार-पाच वेळा अंथरूण बदलण्याचे काम बाळंतिणीच्या वाट्याला येते.

यावर प्लॅस्टिकची चड्डी हा एक उपाय निघाला. ती ओल बाहेर येऊ देत नाही, पण वाफही बाहेर जाऊ देत नाही. आतील त्वचा सतत दमट व उष्ण राहते, मलमूत्राचा संपर्क आणि घर्षण यांची त्यात भर पडते आणि मांड्यांच्या सांध्यांत लाल पुरळ उठते. फेकावयाच्या डायपरने घरातील धुणे कमी केले, परंतु प्रश्न घराबाहेर नेऊन ठेवला. त्याचे बाहेरचे अस्तर प्लॅस्टिकचे असते. आत लाकडाच्या लगद्याबरोबर पाणी धरून ठेवणारी कृत्रिम रसायनाची भुकटी असते. वापरलेला डायपर ओला असल्याने नीट जळत नाही आणि जमिनीत पुरला तरी त्यातील प्लॅस्टिक कुजत नाही. केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत डायपर वेगळे गुंडाळून देण्याची जबाबदारी कुटुंबावर टाकण्यात आली होती. जेथे कचरा नेणारी गाडीच येत नाही, तेथे मात्र हे गुंडाळलेले पुडके ओढ्यात किंवा उकिरड्यावरच जाऊन पडते.

लोकर काय करते?

लोकरीचा तंतू केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. या पृष्ठभागाला मुळातच पाण्याचा थेंब चिकटू न देण्याचा गुण असतो. मेंढीच्या त्वचेतून पाझरणाऱ्या मेणासारख्या स्निग्ध पदार्थामुळे तो अधिक वाढतो. या पदार्थास लॅनोलिन किंवा लोकरमेण असे म्हणतात. तंतूचा गाभा मात्र पाण्याची वाफ आत ओढून घेतो. स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश इतका ओलावा घेऊनही लोकर हाताला फारशी ओली लागत नाही.

या दोन गुणांच्या संगतीने लंगोटावरील लोकरी चड्डी कार्य करते. आतील सुती लंगोट लघवी शोषतो. लोकरीचे आवरण ती सहसा बाहेर फुटू देत नाही. काही ओलावा स्वतःत घेते आणि तो वाफेच्या रूपाने हळूहळू बाहेरच्या हवेत सोडते. म्हणजे हे आवरण पाणी अडविणारी भिंत नसून हवा खेळती ठेवणारा पडदा आहे.

परदेशातील अनुभव

युरोप-अमेरिकेत लंगोटावर लोकरीचे फलाणीन गुंडाळण्याची किंवा सुयांवर विणलेली चड्डी घालण्याची चाल जुनी आहे. रबराच्या चड्ड्या बाजारात आल्यावर ती मागे पडली. १९४२ मध्ये मलाया जपानच्या ताब्यात गेला आणि दोस्त राष्ट्रांना रबराची तीव्र टंचाई भासू लागली, तेव्हा विणलेल्या चड्ड्यांचे महत्त्व पुन्हा पटले. युद्धानंतर प्लॅस्टिक सुलभ झाले. १९६१ मध्ये अमेरिकेत ‘पॅम्पर्स’ हे फेकावयाचे डायपर विक्रीस आले आणि लोकरी चड्डी बहुतांश घरांतून नाहीशी झाली. कचऱ्याच्या चिंतेमुळे अलीकडे अनेक पालक तिच्याकडे पुन्हा वळले आहेत.

लोकरीची निवड

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. आपल्या बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारे रंगीबेरंगी गुंडे बहुधा अॅक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. त्यांत ओलावा आत घेण्याचा गुण नाही; त्यांची चड्डी थोड्याच वेळात पाझरू लागते. खरी लोकर ओळखण्याची कसोटी सोपी आहे. धाग्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून पेटवावा. लोकर सावकाश जळते, केस जळल्याचा वास येतो आणि मागे बोटांत चुरडली जाणारी राख उरते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कठीण काळा मणी बनतो. ही कसोटी मुलांपासून दूर, पाण्याचे भांडे जवळ ठेवून करावी.

दुसरा प्रश्न तंतूच्या जाडीचा. सुमारे ३० मायक्रॉनहून जाड तंतूंची टोके त्वचेला बोचतात. मेरिनो मेंढीची लोकर याहून पुष्कळ बारीक असते. दख्खनी मेंढीची लोकर जाड व राठ असते. म्हणूनच ती घोंगडीला योग्य आणि बाळाच्या कमरेला व मांडीला अयोग्य ठरते. कोकराची पहिली लोकर, जिला जावळ म्हणतात, ती तुलनेने मऊ असते. तीही वापरण्यापूर्वी मोठ्या माणसाने गालाला किंवा मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहावी.

तथापि दख्खनी लोकर या कामी अगदीच निरुपयोगी नाही. बाळाच्या अंथरुणात मेणकापडाऐवजी घोंगडीचा चौकोनी तुकडा सपाट पसरून त्यावर सुती गोधडी घातल्यास खालची गादी बऱ्याच अंशी कोरडी राहते आणि राठ लोकर बाळाच्या अंगाला लागत नाही.

चड्डी तयार करण्याची रीत

तीन ते सहा महिन्यांच्या बाळासाठी मध्यम जाडीची ५० ते ६० ग्रॅम लोकर पुरते. १० नंबरच्या सुयांवर ५२ टाके घालून एक सुलट, एक उलट अशी ४ सेंटिमीटर पट्टी विणावी. नंतर ८ नंबरच्या सुया घेऊन एक ओळ सुलट व एक ओळ उलट याप्रमाणे ७ सेंटिमीटर सरळ विणावे. पुढे प्रत्येक सुलट ओळीच्या दोन्ही टोकांस एकेक टाका कमी करीत २८ टाक्यांपर्यंत यावे. या २८ टाक्यांवर ४ सेंटिमीटर विणून, त्याच क्रमाने टाके वाढवीत पुन्हा ५२ करावेत. मग ७ सेंटिमीटर सरळ भाग आणि शेवटी १० नंबरच्या सुयांवर ४ सेंटिमीटरची पट्टी विणून टाके सैलसर बंद करावेत. सुमारे ४२ सेंटिमीटर लांबीचा हा तुकडा मध्यावर दुमडून दोन्ही कडा शिवाव्यात. पायांच्या कडेने टाके उचलून ३ सेंटिमीटरची पट्टी विणली की चड्डी तयार होते. कमरेच्या पट्टीतून लोकरीचीच नाडी ओवून ती पुढच्या बाजूस बांधावी. नाडीची टोके आखूड असावीत. वीण घट्ट ठेवावी, कारण सैल विणीतून ओल लवकर फुटते.

ज्यांना विणता येत नाही त्यांच्यासाठी जुना, शुद्ध लोकरीचा स्वेटर उपयोगी पडतो. तो गरम साबणपाण्यात चोळून आणि लगेच थंड पाण्यात खळबळून काढल्यास तंतूंवरील पापुद्रे एकमेकांत अडकतात व कापड आटून दाट होते. न विणता, लोकर दाबून केलेल्या बुरणुसाची घडण याच तत्त्वावर होते. असे आटलेले कापड कापल्यावर उसवत नाही. त्यातून चड्डीचा आकार कापून, स्वेटरचीच विणलेली पट्टी कमरेस व पायांस जोडावी. यंत्रात धुता येण्यासाठी प्रक्रिया केलेली लोकर मात्र अशा रीतीने आटत नाही.

लोकरमेणाचा लेप

कारखान्यात धुतलेल्या लोकरीतील नैसर्गिक मेण निघून गेलेले असते. ते परत देणे हा या कृतीतील महत्त्वाचा टप्पा आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे शुद्ध लॅनोलिन अर्धा चहाचा चमचा घेऊन, सौम्य साबणाच्या दोन-तीन थेंबांसह कपभर गरम पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. पाणी दुधाळ झाले की ते कोमट पाण्यात मिसळून, चड्डी उलटी करून त्यात रात्रभर बुडवून ठेवावी. सकाळी न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि सावलीत सपाट पसरून वाळवावी. पाझर वाढल्याचे जाणवले की हा लेप पुन्हा द्यावा.

वापर आणि धुलाई

दोन-तीन तासांनी, आणि मलविसर्जन झाल्यावर तत्काळ, लंगोट बदलणे हे येथेही आवश्यकच आहे. चड्डी केवळ दमट झाली असेल तर ती धुण्याची गरज नाही. वाऱ्यावर वाळवून पुन्हा घालता येते. आळीपाळीने तीन चड्ड्या ठेवल्यास काम भागते. दोन-तीन आठवड्यांनी, वास येऊ लागल्यास किंवा मल लागल्यास लगेच, ती कोमट पाण्यात सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवावी. धुण्याचा सोडा, तीव्र साबणचुरा आणि विरंजक चूर्ण यांनी लोकर झिजते. लंगोटाचे धुणे याच्या नेमके उलट होय: मल प्रथम शौचालयात टाकून लंगोट गरम पाण्यात साबणाने धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत.

साठवणीत लोकरीला कसर लागते. चड्डी पूर्ण वाळवून, ऊन देऊन, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासह घट्ट डब्यात ठेवावी आणि अधूनमधून तपासावी. बाळाच्या कोणत्याही कपड्यांत डांबराच्या गोळ्या मुळीच ठेवू नयेत. काही बालकांच्या रक्तात एक आवश्यक विकर जन्मतः कमी असते. या गोळ्यांतील नॅप्थलिनच्या संपर्काने अशा बालकांच्या तांबड्या पेशी फुटतात व गंभीर कावीळ होऊ शकते.

मर्यादा

लोकरी चड्डी हा सर्व ऋतूंतील उपाय नव्हे. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात दिवसा बाळाला केवळ लंगोटावर किंवा मोकळे ठेवणेच हितावह असते. बाळ मांडीवर दाबून बसल्यास किंवा लंगोट फार भिजल्यास लोकरीतूनही ओल फुटते. क्वचित एखाद्या बालकास लोकरीची वा लॅनोलिनची अॅलर्जी असते. पुरळ दोन-तीन दिवसांत न ओसरल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. शिवाय सुती लंगोट धुण्यास पाणी लागते. टंचाईच्या गावात हंडाभर पाणी दुरून आणणाऱ्या मातेला डायपर सोडण्याचा उपदेश करण्यापूर्वी पंचायतीने तिच्या पाण्याचा विचार केला पाहिजे.

गावपातळीवरील कार्य

एवढे ध्यानात घेऊनही पुष्कळ काही करता येण्याजोगे आहे. अंगणवाडीतील मातांच्या बैठकीत एक तयार चड्डी, दोन लंगोट आणि पेल्याभर पाणी घेऊन प्रात्यक्षिक दाखविता येईल. शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला मुलांमुलींना विणकामाचे हे लहान व उपयुक्त काम देता येईल. धाग्याची जळण-कसोटी शिक्षकांनी स्वतः विज्ञानाच्या तासाला करून दाखवावी. महिला बचत गटांना चड्ड्यांबरोबर पाळण्यासाठी घोंगडीच्या घड्या शिवून विकता येतील आणि राठ लोकरीला एक नवी मागणी निर्माण होईल. ग्रामसभेत कचऱ्याची चर्चा होते तेव्हा डायपरचा विषय बहुधा संकोचाने टाळला जातो. तो तेथे मोकळेपणाने मांडला जावा.

लंगोट धुण्याचे श्रम लोकरीने संपत नाहीत, पण कमी निश्चित होतात. आणि ते श्रम केवळ बाळंतिणीचे न मानता घरातील सर्वांनी वाटून घेतले, तर बाळाची त्वचा, आईची झोप आणि गावचा ओढा या तिन्हींचे रक्षण होईल.