पाठीवरची शिडी

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या भागात, मिशिगन-ओहायोपासून खाली जॉर्जियापर्यंत, ऑक्टोबर उजाडला की धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. झाडावर चढायचं कशाने? हरीण म्हणजे तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळवताही त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं आणि नाकापुढे माणसाचा इलाज चालत नाही. बाण मारायला ते वीस-पंचवीस मीटरच्या आत यावं लागतं. इतक्या जवळ जमिनीवर बसून धनुष्य ओढायचं म्हणजे त्याला आगाऊ वर्दी दिल्यासारखंच. म्हणून शिकारी पाच-सात मीटर वर बसतो. तिथे हालचाल हरणाच्या नजरेच्या रेषेबाहेर राहते आणि वासही थोडा वेळ वरून वाहून जातो. पण एकाच झाडावर कायमचं मचाण बांधलं तर दोन-चार दिवसांत हरणं त्या झाडाला वळसा घालू लागतात. शिवाय वारा फिरतो, ओकची फळं एका झाडाखाली संपून दुसऱ्याखाली पडू लागतात. त्यामुळे रोज नवं झाड निवडायचं, चढायचं, अंधारात उतरायचं आणि सगळं सामान परत न्यायचं, ही फिरती पद्धत सरकारी जमिनींवर रूढ झाली. तिला कायद्याचाही रेटा आहे. तिथल्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत झाडात खिळे किंवा स्क्रू ठोकून मचाण बसवायला केंद्रीय नियमानेच बंदी आहे आणि अनेक राज्यांनीही आपापल्या जमिनींवर तसेच निर्बंध घातले आहेत. म्हणजे शिडी पाठीवर, बसायची जागा पाठीवर आणि वाट दोन-तीन किलोमीटरची.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मचाण उरलं ते बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजण्यापुरतं. तेही वनखात्याने आधीच बांधून ठेवलेलं असतं, आपण फक्त पाण्याची बाटली घेऊन चढायचं. त्यामुळे मचाण पाठीवर घेऊन हिंडणं ही कल्पना मराठी वाचकाला जरा गमतीची वाटेल. त्यातला पेच मात्र अनोळखी नाही. नारळ पाडणाऱ्या पाडेल्यालाही दिवसभरात अनेक झाडं करायची असतात. त्याच्याकडे कोयता आणि पायात अडकवायचा दोर याहून फारसं काही नसतं, कारण चढण्याचं खरं साधन त्याचे हातपाय असतात. अमेरिकन शिकाऱ्याने ते कसब सामानातून विकत घ्यायचं ठरवलं, आणि विकत घेतलेल्या कसबाला वजन असतं.

ते वजन असं. बुंध्याला मिठी मारणाऱ्या दोन चौकटी, एक बसायची आणि एक उभं राहायची, आळीपाळीने सरकवत वर जायचं, हे ‘क्लायंबर’ मचाण सात ते अकरा किलो भरतं. बुंध्याला पट्ट्याने आवळायचं टांगतं मचाण साडेतीन ते सात किलो. त्याच्याबरोबर तीन-चार ‘स्टिक’ लागतात, म्हणजे हातभर ते दीड हात लांबीचे पायऱ्या जोडलेले दांडे. ते अर्ध्या किलोपासून किलोच्या वरपर्यंत मिळतात. तिसरा प्रकार सॅडलचा. सॅडल म्हणजे कापडी खोगीर, फरक इतकाच की ते घोड्याला न घालता माणसाने कमरेखाली घालायचं. त्यात बसून, दोराने बुंध्याला टेकून, पाय एका वीतभर फळीवर रोवून राहायचं. दोर, फळी, स्टिक सगळं धरून हा संच चार-सहा किलोत बसतो. गेल्या काही वर्षांत या तिसऱ्या प्रकाराची चलती झाली. त्याबरोबर वजनाचं वेडही आलं. एकेका औंसावर, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमवर, खल होतो. बकल काढून दोराचा फास लावला तर इतके ग्रॅम, पायरीला भोकं पाडली तर तितके.

माझं म्हणणं असं की हा हिशेब चुकीच्या ठिकाणी मांडला जातो. साधा अंदाज करून पाहू. ८० किलोंचा माणूस. थंडीचे कपडे, बूट, धनुष्य, पाणी आणि चढण्याचं १० किलोंचं सामान मिळून अंगावर आणखी २० किलो. एकूण १००. सामान १०वरून ६ किलोंवर आणलं तर वाचले चार किलो, म्हणजे एकूण वजनाच्या चार टक्के. सपाट वाटेवर चालायला लागणारी शक्ती ढोबळमानाने एकूण वजनाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा श्रमही तेवढेच वाचले. ज्याला चालण्याची चिंता आहे त्याने आधी बुटांकडे पाहावं. पायात बांधलेला एक किलो पाठीवरच्या कित्येक किलोंइतका दमवतो, हे सैनिकांच्या आणि गिर्यारोहकांच्या अनुभवातलं सत्य आहे. यावर जाणकार म्हणतील, दमण्याचं सोडा, घामाचं काय? नोव्हेंबरच्या पहाटे घामेजून झाडाखाली पोचलेला माणूस तासाभरात कुडकुडायला लागतो, आणि कुडकुडणारा माणूस स्वस्थ बसत नाही. हा आक्षेप खरा आहे. पण त्याचा इलाज वीस मिनिटं आधी निघणं, हळू चालणं आणि जाड कोट अंगात न घालता पिशवीला बांधणं हा आहे. चार टक्क्यांनी घाम थांबत नाही. वजनापेक्षा आकार जास्त छळतो, हे मात्र मान्य करायला हवं. क्लायंबरच्या पसरट चौकटी झुडपांत अडकतात, वाजतात. दोन किलो जास्त भरणारं पण पाठीला चिकटून राहणारं सामान झाडीत अधिक ‘हलकं’ चालतं.

वजनाची खरी परीक्षा वाटेवर होतच नाही, ती झाडाच्या बुंध्याशी होते. तिथे किलो मोजून उपयोग नाही, कृती मोजाव्या लागतात. चार स्टिकचा संच घेतला तर एकेक स्टिक गठ्ठ्यातून सोडायची, पट्टा बुंध्याभोवती फिरवायचा, पकडायचा, आवळायचा, स्टिकवर पाय देऊन ती नीट बसवायची, कमरेचा दोर वर सरकवायचा आणि चढायचं. हे चारदा. मग फळी, मग मुख्य दोर, मग खालून सुतळीने ओढून घ्यायचं धनुष्य. हे सगळं अंधारात आणि हातमोज्यांत. ॲल्युमिनियमची एक स्टिक दुसरीवर आपटली की जो टणत्कार होतो तो शांत रानात फार लांब जातो. म्हणून तर लोक त्यांना नमद्याच्या चिकटपट्ट्या नाहीतर दोर गुंडाळतात. त्याने वजन वाढतं, आणि ते वाढवणंच शहाणपणाचं ठरतं. हलकेपणाच्या शर्यतीतला मानाचा प्रकार म्हणजे एकाच स्टिकने चढणं. स्टिक लावायची, चढायचं, दोराला लटकायचं, खालची स्टिक सोडून वर घ्यायची, पुन्हा लावायची. उतरताना मात्र दोरावरून घसरत यायचं. तीन स्टिकचे दीड-दोन किलो वाचतात, पण उतरायला दहा-बारा मीटर दोर जास्त लागतो आणि तोच अर्धा ते एक किलो खाऊन टाकतो. उरलेल्या किलोभर बचतीसाठी चार-पाच वेळा लटकून उभं-आडवं व्हायचं, दर वेळी सालीवर बूट घासायचे. ज्याने उन्हाळाभर सराव केला आहे त्याला ही पद्धत शोभते. ज्याने तराजू पाहून ती घेतली तो ज्या हरणासाठी आला त्यालाच उठवून बसतो.

आता दोराकडे येऊ, कारण ग्रॅम वाचवायचा मोह सगळ्यात महाग पडतो तो इथे. चढताना कमरेभोवतून बुंध्याला वेढा घालणारा दोर हात मोकळे ठेवतो; आपल्याकडचा विजेच्या खांबावरचा लाइनमनही तसाच पट्टा वापरतो. तो मागे कोसळू देत नाही. मात्र पाय निसटला तर गुळगुळीत बुंध्यावरून तो माणसासकट खाली घसरू शकतो. म्हणून डोक्याच्या वरच्या पातळीला बांधलेला दुसरा दोर लागतो, आणि तो ताणलेला असावा लागतो. ताणलेलाच का, याचं गणित सोपं आहे. ८० किलोंचा माणूस ढिल्या दोरामुळे ६० सेंटिमीटर पडला आणि दोर-पट्टा-शरीर मिळून १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्या थांबण्यातला सरासरी जोर त्याच्या वजनाच्या सातपट होतो. ऐन क्षणाचा त्याहून जास्त. ढील १० सेंटिमीटरच असेल तर सरासरी जोर दुप्पटीवर येतो. म्हणजे जाड दोर घेण्याइतकीच दोराची गाठ सतत वर सरकवत राहण्याची सवय महत्त्वाची. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिकच्या नावाने ओळखली जाणारी गाठ इथे कामी येते, कारण भार नसताना ती सरकते आणि भार येताच आवळते. डायनीमासारखे नवे धागे वजनाला नगण्य आणि ताकदीला जबरदस्त असतात. पण ते जवळजवळ ताणतच नाहीत, इतके निसरडे असतात की गाठ सुटू शकते, आणि घर्षणाच्या उष्णतेने नायलॉनच्या खूप आधी वितळतात. स्टिक बांधायला ते उत्तम. माणूस बांधायला त्याच कामासाठी बनवलेला, थोडा जाड, थोडा जड दोरच हवा.

‘पण या सगळ्या बांधाबांधीत वेळ जातो’ ही तक्रार जुनीच आहे. जातोच. तरीही अमेरिकेतल्या मचाण बनवणाऱ्या कंपन्यांची ट्रीस्टँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन हेच सांगत आली आहे की पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत बांधलेलं राहा; नुसतं वर बसल्यावर नव्हे. वर बसलेला माणूस स्थिर असतो. धोका असतो तो एका आधारावरून दुसऱ्यावर वजन टाकण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात, शिडीवरून फळीवर पाऊल ठेवताना, आणि तिथेच नेमकं ‘आता पोचलोच’ म्हणून दोर सोडला जातो. सॅडलची खरी थोरवी मला याच ठिकाणी दिसते. हलकेपणा हा तिचा दुय्यम गुण. बांधलेलं असणं हीच तिच्यात बसण्याची पद्धत आहे, बसल्यावर वेगळं काही आठवावं लागत नाही. टांगत्या मचाणावर अंगभर पट्टे वेगळे घालावे लागतात, आणि जे वेगळं घालायचं असतं ते कधीतरी राहून जातं. अर्थात सॅडलही निर्दोष नाही. ती कमरेला धरते, खांद्यांना नाही. दोर ढिला ठेवून फळीवर नाचायची तिच्यात सोय नाही. आणि दोन्ही प्रकारांत, पडल्यावर लटकत राहिलं तर मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात. पाय टेकवून उभं राहायला एक पट्टीचा फास खिशात ठेवावा लागतो. त्याचं वजन मूठभर शेंगदाण्यांइतकं, आणि वजन कमी करताना घरी राहतो तोही तोच.

इतकं सांगूनही झाडाचा विचार राहिलाच, आणि खरेदीची सुरुवात खरं तर त्यापासून करायला हवी. दक्षिणेकडच्या पाइनच्या रानांत सरळ, बिनफांद्यांचे बुंधे ओळीने उभे असतात. तिथे दहा किलोंचं क्लायंबर बिनतोड आहे. एकच वस्तू, गाठी थोड्या, बसायला खुर्चीइतकी ऐसपैस. आपल्याकडे केरळातल्या चेंबेरीत नारळासाठी तयार झालेलं चढायचं यंत्रही याच तत्त्वावर चालतं. माडाला फांद्या नाहीत म्हणूनच ते चालतं. ओहायोतल्या वाकड्यातिकड्या ओकवर हेच यंत्र पहिल्या फांदीशी अडतं. शॅगबार्क हिकरीची साल पत्र्यासारखी सुटून लोंबते, तिला पट्टा लावला की ती करकरते. बीचच्या गुळगुळीत सालीवर स्टिकचे दात नीट बसले नाहीत तर ती घसरते. ॲशचं तर नावच काढू नये. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या हिरव्या भुंगेऱ्याने ही झाडं कोट्यवधींनी मारली. ती सरळ, मोक्याची दिसतात आणि आतून ठिसूळ झालेली असतात. जिवंत झाडं कोणती आणि किती जाडीची, एवढं आधी पाहून आलेल्या माणसाचं अर्धं सामान दुकानात जाण्याआधीच ठरलेलं असतं.

कुणी म्हणेल, हलकेपणाची इतकी टवाळी करायची तर जमिनीवरच बसा, सगळ्यात हलकं तेच. त्यात तथ्य आहे आणि पूर्वापार लोक तसं करतही आले. मक्याच्या कडेला, उन्मळलेल्या खोडाच्या आडोशाला बसून ज्यांना जमतं त्यांनी काहीच विकत घेऊ नये. टायटेनियमच्या स्टिकसाठी मोजलेल्या पैशांत बरंच पेट्रोल येतं आणि तेवढ्यात हरणांच्या वाटा हिंडून पाहता येतात. मात्र चढायचंच ठरलं असेल तर खरेदी उलट्या क्रमाने व्हावी. आधी दोर आणि पट्टे, त्यांत काटकसर नाही. मग आपल्या रानातल्या बुंध्यांना बसेल अशी चढण्याची रीत. मग पाय ठेवायची फळी, चार तास उभं राहता येईल इतकी रुंद. अवघडलेला माणूस दीड तासात उतरतो आणि वाचवलेला अर्धा किलो घेऊन घरी जातो. ग्रॅमची कातरछाट शेवटी, बकलांवर, पिशवीवर, नको त्या कॅराबिनरांवर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्यांवर. आणि हे सगळं पारखायचं ते संध्याकाळच्या बाजूने, चढताना नाही. गारठलेली बोटं, मावळलेला उजेड, कपाळावरच्या दिव्याचा लाल झोत. त्या वेळी शेवटी लावलेली वस्तू आधी सुटली पाहिजे आणि कमरेचा दोर सगळ्यांत शेवटी, बूट पानांत टेकल्यावर.